साथीत किराणा पुरवायचा कसा: टंचाईच्या दिवसांचं घरगुती नियोजन

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि भाषण संपायच्या आत लोक पिशव्या घेऊन किराणा दुकानांकडे निघाले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्या रात्री आणि पुढचे आठ-दहा दिवस अनेक दुकानांतून तूरडाळ, कणीक, रवा आणि बिस्किटं दिसेनाशी झाली. गंमत अशी की त्याच सुमारास सरकारी गोदामं धान्याने भरलेली होती, नाशकात उन्हाळ कांदा निघत होता आणि हॉटेलं बंद पडल्यामुळे दूध इतकं उरत होतं की राज्य सरकारला ते विकत घेऊन त्याची भुकटी करायचा निर्णय घ्यावा लागला.

म्हणजे माल होता. तो पोत्यातून पुडीत आणि पुडीतून दुकानात आणणारी माणसं जागेवर नव्हती. साथीच्या काळात घर चालवायचं तर ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण काय भरायचं, काय सोडून द्यायचं आणि कुठे शोधायचं ते सगळं यावरून ठरतं. पुढची साथ कधी येईल कुणास ठाऊक, पण पूर, संप, वादळ यातही हाच अनुभव येतो.

१. साखळी कुठे तुटली ते आधी ओळखा

तूरडाळ लातूर, अकोला, जळगावच्या डाळमिलमधून येते. मिलला मजूर लागतात, पोती चढवायला हमाल लागतात, ट्रकला चालक लागतो आणि चालकाला वाटेत जेवायला ढाबा लागतो. २०२० मध्ये ढाबे बंद, पंक्चर काढणारे बंद, जिल्ह्यांच्या हद्दीवर अडवणूक. त्यामुळे डाळ महाग होण्याआधी उशिरा यायला लागली. वाशीचं मार्केट मे २०२० मध्ये बाधितांची संख्या वाढल्यामुळे आठवडाभर बंद ठेवलं, पुण्याचं मार्केट यार्ड एप्रिलमध्येच बंद झालं. मुंबईला भाजी, कांदा-बटाटा, फळं, मसाले आणि धान्य पुरवणारे पाचही बाजार वाशीला एकाच आवारात. तिथे कुलूप लागलं की भांडुपच्या भाजीवाल्याची गाडी रिकामी.

यातून घरापुरते तीन आडाखे निघतात. पहिला, पाकीटबंद माल आधी संपतो, सुटा माल नंतर. कारण पाकीट भरायला कारखाना चालू असावा लागतो. ब्रँडेड आटा गायब होता त्या आठवड्यातही पोत्यातले गहू मिळत होते. दुसरा, लांबून येणारं आधी अडतं. तिसरा, अफवेने आज पडलेला भाव दोन महिन्यांनी चढतो. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये ‘कोंबडी खाल्ली की कोरोना होतो’ अशी अफवा पसरली, भाव कोसळले, पोल्ट्रीवाल्यांनी पिल्लं मारली किंवा फुकट वाटली. ब्रॉयलर कोंबडी तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात. लोकांना चिकन पुन्हा हवंसं झालं तेव्हा शेडमध्ये कोंबड्याच नव्हत्या आणि भाव उलटा चढला.

२. दुकानात जाण्याआधी घरातले डबे मोजा

यादी करायची ती दुकानात काय मिळतंय यावरून करू नका. सगळे डबे ओट्यावर काढा. माळ्यावरचा स्टीलचा पिंप, फ्रिजच्या दारातल्या पुड्या, दिवाळीचा उरलेला रवा, उपासाचे साबुदाणा-भगर, पाहुण्यांसाठी आणलेली शेवयांची पाकिटं, सगळं. मराठी घरात बरणीच्या मागे बरणी असते आणि मागच्या बरणीत काय आहे हे घरातल्या एकाच माणसाला माहीत असतं. तेवढं एकदा कागदावर उतरवलं की निम्मी धास्ती जाते.

कागदावर तीन रकाने करा: काय आहे, किती आहे, किती दिवस पुरेल. तिसरा रकाना भरायला वापर माहीत हवा आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा वेगळा निघतो. एक आठवडा पोळ्यांना किती वाट्या कणीक लागते ते मोजा. एक किलो कणकेत साधारण ३० ते ३५ पोळ्या होतात. सगळे घरी असले की दुपारचं खाणं वाढतं, चहा दुप्पट होतो आणि डबे न्यायचे नसल्यामुळे पोळ्या थोड्या कमी लागतात. ऑफिसच्या दिवसांचा अंदाज टाळेबंदीत चालत नाही.

३. किती भरायचं: तीन आठवडे

एखादा भाग प्रतिबंधित क्षेत्र म्हणून सील झाला किंवा घरातच कुणी बाधित झालं तर साधारण १४ दिवस दाराबाहेर पडता येत नव्हतं. त्यावर एक आठवडा जास्तीचा धरा, म्हणजे तीन आठवडे झाले. यापेक्षा जास्त भरणं हे बहुतेक शहरी घरांत जागेचं, पैशाचं आणि किड्यांचं दुखणं होतं. शिवाय मार्च २०२० मध्ये ज्यांनी चार महिन्यांची डाळ एकदम उचलली त्यांच्यामुळेच रांगेतल्या मागच्यांना ती मिळाली नाही. पुढचा ट्रक यायला आठवडा लागणार होता, तो आलाही.

चार मोठ्या माणसांच्या घराला, दोन्ही वेळा घरी जेवून, तीन आठवड्यांना ढोबळ मानाने हे लागतं:

- गहू किंवा ज्वारी-बाजरी मिळून १२ किलो
- तांदूळ ६ किलो
- डाळी ४ किलो, त्यात तूर निम्मी, बाकी मूग, मसूर, हरभरा
- मटकी, मूग, चवळी, हुलगे, वाल असं कडधान्य २ ते ३ किलो
- तेल २ लिटर, शेंगदाणे दीड किलो
- साखर आणि गूळ मिळून २ किलो, मीठ १ किलो, चहा पावडर अर्धा किलो
- दूध भुकटी अर्धा किलो (लिटरभर दुधाला साधारण सव्वाशे ग्रॅम लागते)
- कांदे ६ किलो, बटाटे ४ किलो, लसूण पाव किलो, आल्याचा मोठा तुकडा

हळद, तिखट, मोहरी, हिंग, गोडा मसाला घरात असतोच. तो नसला तर मात्र डाळ-तांदूळ असूनही जेवण अडतं, तेव्हा तळाशी गेलेली मसाल्याची बरणी यादीत सगळ्यात वर लिहा.

हा साठा एकदम आणायचा नाही. साथीची चाहूल लागली की नेहमीच्या महिन्याच्या यादीत दर वेळी तीन-चार वस्तू थोड्या जास्त घ्या. दोन-तीन फेऱ्यांत साठा तयार होतो आणि खिशालाही एकदम खड्डा पडत नाही. त्यानंतर जुनं पुढे, नवं मागे. नवी डाळ जुन्या डाळीवर ओतायची नाही, तिला दुसरा डबा. डब्याच्या झाकणावर कागदी पट्टी चिकटवून महिना लिहिला की पुढची तीन वर्षं तुम्ही तेच करत राहाल.

४. भरलेलं टिकवायचं

आपल्याकडे मार्च ते मे हे वर्षाचं धान्य भरायचे दिवस. पापड, कुरडया, सांडगे यांचेही हेच दिवस. २०२० ची टाळेबंदी नेमकी याच हंगामात आली, म्हणून ज्यांच्या घरी ही रीत अजून चालू होती त्यांना पहिला महिना फार जाणवला नाही. फ्लॅटमध्ये गच्ची नसेल तरी खिडकीच्या ग्रिलमध्ये, ताटात, थोडं थोडं ऊन देता येतं.

गहू, ज्वारी आणि डाळी दोन-तीन कडक उन्हं खाऊ द्या. धान्य वाळलं की नाही हे दाताखाली धरून कळतं: दाणा कट्‌कन तुटला तर भरा, दबला तर अजून एक दिवस. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते घरात आणून पसरून ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम धान्य भरून झाकण लावलं की आत वाफ धरते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. तांदळाला मात्र कडक ऊन दाखवू नका, दाण्याला तडे जातात आणि भात शिजवताना त्याचा तुकडा होतो. त्याला सावलीत वारं पुरतं.

डाळीला एरंडेल चोळायची पद्धत अजूनही उत्तम. किलोभर डाळीला एक छोटा चमचा एरंडेल पुरतं. तेल दोन्ही तळहातांवर पसरून घ्यायचं आणि मग परातीतली डाळ मूठ मूठ घेऊन चोळायची. तेल थेट डाळीवर ओतलं तर चार दाणे तेलकट आणि बाकीचे कोरडे राहतात. सगळ्या दाण्यांना चकाकी आली की बस झालं. शिजवण्याआधी दोन पाण्यांनी धुतली की वास जातो. गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला थर देऊन घालतात, डाळीत बिब्बे टाकतात. बिब्बा घालणार असाल तर अख्खा घाला आणि वापरताना मोजून काढा. त्याचं तेल अंगावर उततं.

बोरिक पावडर अनेक घरांत तांदळाला लावतात. मी लावत नाही आणि लहान मुलं असलेल्या घरात लावू नये असंच सांगेन. पाऱ्याच्या गोळ्यांचं तर नाव काढू नका. तीन आठवड्यांच्या साठ्याला यातलं काही लागतच नाही.

रवा, मैदा, बेसन, दलिया ही लवकर जाळी धरणारी मंडळी. रवा कोरडा भाजून गार करून भरा. बेसन आणि मैदा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पुडी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी सुटतं. दळलेली कणीक उन्हाळ्यात महिनाभरात कडसर व्हायला लागते, म्हणून गहू भरा आणि आठ-दहा दिवसांचं दळून आणा. शेंगदाणे भाजून ठेवले तर खवट होण्याआधी संपतात, कारण येता-जाता प्रत्येक जण मूठ मारतो. याला उपाय नाही.

५. भाजी: काय आधी, काय शेवटी

आठवड्यातून एकदा किंवा दहा दिवसांतून एकदाच भाजी मिळणार असेल तर खरेदीपेक्षा संपवण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. भाजी आली की त्याच दिवशी ओट्यावर तीन ढीग करायचे.

पहिला ढीग तीन दिवसांचा: पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, पिकलेले टोमॅटो. दुसरा आठवड्याचा: भेंडी, गवार, वांगी, फ्लॉवर, काकडी, ढोबळी मिरची. तिसरा दहा दिवसांनंतरचा: कोबी, गाजर, बीट, सुरण, अरवी, अख्खा लाल भोपळा. लाल भोपळा न कापता महिना-दीड महिना सहज राहतो, पण कापला की तीन-चार दिवसांत संपवावा लागतो. म्हणून मोठा एक घेण्याऐवजी लहान दोन घ्या.

पालेभाजी आणल्या आणल्या धुऊ नका. निवडून, मुळं कापून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि करायच्या वेळी धुवा. कोथिंबिरीचं तेच. हिरव्या मिरच्यांचे देठ काढून ठेवले की दुप्पट दिवस राहतात. आलं-लसणाचं वाटण मीठ आणि थोडं तेल घालून फ्रीझरमध्ये. टोमॅटो ढिगाने स्वस्त मिळाले तर उकडून, गाळून त्याची प्युरी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवायचे नाहीत, दोन्ही लवकर खराब होतात. कांदा घेताना उन्हाळ कांदा बघून घ्या: पाती पूर्ण वाळलेली, मान बारीक, पापुद्रे घट्ट. हा चार ते सहा महिने टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा महिनाभरही नीट राहत नाही, तो साठ्यात धरू नका. बटाटे अंधारात ठेवा. उजेडाने हिरवे पडलेले भाग जाड कापून टाका आणि पूर्ण हिरवा झालेला बटाटा फेकून द्या.

धुण्याबद्दल थोडं. २०२० मध्ये आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाज्यांना सोड्याची अंघोळ घातली, काहींनी केळीसुद्धा सॅनिटायझरने पुसली. भाजीला साबण, ब्लीच किंवा सॅनिटायझर लावायचं नसतं, ते पोटात जातं. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने नीट धुवा आणि पिशवी हाताळल्यावर आपले हात साबणाने धुवा, एवढं पुरे.

ताजी भाजी अजिबातच न मिळाल्यास कुंडी कामाला येते. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत उगवणारी बोटभर उंचीची समुद्रमेथी तुम्ही खाल्ली असेल. तशीच मेथी घरात उथळ ट्रेमध्ये होते: डब्यातले मेथीचे दाणे रात्रभर भिजवायचे, दोन बोटं मातीवर दाट पसरायचे, वर मातीचा हलका थर द्यायचा आणि पाणी शिंपडत राहायचं. आठ-दहा दिवसांत कात्रीने कापण्याजोगी होते. एका ट्रेमध्ये एका वेळची भाजी होते, फार होत नाही. पण सहाव्या दिवशी पुन्हा बटाटाच दिसल्यावर ती पोटापेक्षा मनाला बरी वाटते. कोथिंबीर याहून सावकाश, महिना घेते. धने हलके रगडून दोन भाग केले की जास्त उगवतात.

६. अमुक मिळालं नाही तर काय

इथे आपला स्वयंपाक फार श्रीमंत आहे. ज्या कोरडवाहू मुलखात वर्षातले सहा महिने ताजी भाजी नसायची तिथलं जेवण साथीसाठीच केल्यासारखं आहे.

भाजी नाही: पिठलं, झुणका, पाटवडीचा रस्सा, गोळ्यांची आमटी, सांडग्यांची भाजी, शेंगदाण्याची आमटी, कुळथाचं पिठलं, मोड आलेल्या मटकीची उसळ. रोज एक काढलं तरी आठवडा न कंटाळता जातो. किनारपट्टीवर सुकट, जवळा, सुके बोंबील घरात असतातच. मूठभर सुकट कांद्यावर परतली की भाकरीला आणखी काही लागत नाही.

टोमॅटो नाही: चिंच, आमसूल, उन्हाळा असेल तर कैरी. आमटीला टोमॅटो घालायची सवय तशी अलीकडचीच. नारळ नाही: सुकं खोबरं किंवा शेंगदाण्याचं कूट, तीळ. तूरडाळ नाही: मूग आणि मसूर निम्मे निम्मे, वर चिंच-गूळ घातला की वरणभातात फारसं कळत नाही. दही विरजायला विरजण नाही: कोमट दुधात देठासकट दोन-तीन हिरव्या मिरच्या टाकून रात्रभर ठेवा. पहिलं दही पातळ आणि बेताचं लागतं, त्याचं विरजण घेऊन दुसऱ्यांदा लावलं की घट्ट बसतं. पाव नाही: भाकरी करा. यीस्ट शोधत पाच दुकानं हिंडण्याएवढा पाव मोठा नाही.

गहू आहेत पण गिरणी बंद आहे, ही अडचण खरी. आधी सोसायटीत विचारा, कुणाकडे तरी घरघंटी असते आणि तिच्या आवाजावरून कुणाकडे ते सगळ्यांना ठाऊकही असतं. तीही नसेल तर दळणाशिवाय चालणारे पदार्थ करा. तांदूळ आणि उडीदडाळ भिजवून वाटली की आंबोळ्या, नुसता तांदूळ भिजवून वाटला की घावन, मूग भिजवून वाटले की धिरडी. ज्वारी मिक्सरमध्ये भरड फिरवून, पाखडून, मीठ घालून शिजवली की कण्या होतात, त्या ताकाबरोबर खायच्या. गव्हाचा भरडा कुकरमध्ये शिजवला की खिचडीही होते आणि गूळ घालून खीरही.

लहान बाळाचं मात्र असं चालत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेली दूध पावडर, बाकी काही नाही, आणि पावडर पुरवायची म्हणून त्यात पाणी वाढवायचं तर मुळीच नाही. ती वरचं दूध पिणाऱ्या बाळासाठी महिन्याची आगाऊ ठेवा. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला बाजारातल्या डब्याऐवजी घरचं नाचणीसत्त्व चांगलं: नाचणी भिजवून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, हलकी भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची.

७. दुकानदार आणि टेम्पो

मोठ्या ॲपवर रात्री बारा वाजता डिलिव्हरीची वेळ मिळवण्यासाठी बोटं झिजवण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या वाण्याचा फोन नंबर जास्त कामाचा. त्याच्याकडे माल कोणत्या वारी येतो ते विचारून ठेवा आणि त्याच दिवशी संध्याकाळी यादी पाठवा. यादीत प्रत्येक वस्तूपुढे पर्याय लिहा: ‘तूरडाळ २ किलो, नसेल तर मसूर’. त्याचे चार फोन वाचतात आणि तुमची पिशवी आधी भरली जाते. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत किराणा दुकानं फक्त सकाळी ७ ते ११ उघडी होती. त्या चार तासांत रांगेत उभं राहून ‘काका, रवा आहे का? नाही? मग शेवया आहेत का?’ करणारा ग्राहक कुणालाच नको असतो. आमच्याकडच्या दुकानदाराने काउंटरला सुतळी बांधली होती आणि सुतळीपलीकडून तो एकच वाक्य दिवसभर म्हणायचा, “ताई, डाळ दोन किलोच्या वर कुणालाच नाही.” तेव्हा लोक त्याच्यावर चिडले. त्याच्या त्या नियमामुळेच शनिवारपर्यंत डाळ पुरायची.

छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर बिल मागा, पाकिटावरच्या किमतीचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. सुट्या मालाला छापील किंमत नसते, तिथे दोन दुकानांत फोन करून भाव विचारणं हाच इलाज.

भाजीसाठी सोसायटीने थेट शेतकऱ्यांकडून टेम्पो मागवणं २०२० मध्ये पुण्या-मुंबईत खूप चाललं. पणन मंडळ आणि कृषी विभागानेही शेतकरी गटांना सोसायट्यांशी जोडून दिलं. हे पुन्हा करायची वेळ आली तर करायचं असं:

एक वार आणि एक वेळ ठरवा. प्रत्येकाला हवी ती भाजी निवडू देऊ नका. दोनच आकाराच्या मिश्र पेट्या ठेवा, चार किलोची आणि आठ किलोची. निवड दिली की गेटवर गर्दी होते, वांगी दाबून बघणं सुरू होतं आणि शेतकऱ्याकडे गवार उरते. पैसे आदल्या दिवशी जमा करा, एकाच खात्यातून गटाला द्या. टेम्पो भरायचा म्हणजे किमान पेट्या लागतात, तेव्हा शेजारच्या सोसायटीला सोबत घ्या. उतरवायला दोन माणसं, एक वजनकाटा आणि इमारतीनुसार वेळा: ए विंग साडेसहा, बी विंग पावणेसात. ज्येष्ठांच्या पेट्या आधी बाजूला काढून दारात पोचवा. रिकामे क्रेट त्याच टेम्पोने परत गेले पाहिजेत, नाहीतर पुढच्या आठवड्यात तो येत नाही.

पहिल्या खेपेला थोडी भाजी दबलेली निघेल. त्यावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून निवाडा मागणारे एक-दोघे निघतीलच. त्यांना पुढच्या खेपेला उतरवून घेण्याच्या कामावर ठेवा.

८. गॅस, औषधं, साबण

२०२० मध्ये दोन सिलेंडरच्या नोंदणीत किमान १५ दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं. १४.२ किलोचा सिलेंडर चौघांच्या घरात महिना-सव्वा महिना जातो, तेव्हा दोन सिलेंडरचं कनेक्शन असेल तर घाबरायचं कारण नाही. रिकामा झाला की त्याच दिवशी नंबर लावा. कडधान्य आठ तास आणि डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली, कुकरमध्ये डाळ-भात-बटाटा एकावर एक ठेवला, की बराच गॅस वाचतो. कुणाकडून तरी जास्तीचा सिलेंडर आणून बाल्कनीत ठेवणं धोक्याचं आहे, ते करू नका. त्यापेक्षा इंडक्शन शेगडी घ्या.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या गोळ्या एक महिना पुढच्या ठेवा. कागदावर ब्रँडसोबत मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहून ठेवा, म्हणजे तोच ब्रँड नसला तर डॉक्टरांना फोन करून दुसरा घेता येतो. बातमीत नाव आलं म्हणून एखादं औषध आणून ठेवू नका. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर लोक असे तुटून पडले की ज्यांना ते संधिवातासाठी रोज लागतं त्यांना मिळेना आणि सरकारला त्याच्या विक्रीवर निर्बंध आणावे लागले.

सॅनिटायझरचं तेव्हा असंच झालं. शेवटी २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल किंमत ठरवावी लागली. घरात असताना हात धुवायला साधी अंगाची किंवा कपड्यांची साबणवडी तेवढीच चांगली. भांड्यांना चाळलेली राख, तांब्या-पितळेला चिंच-मीठ, लोकरी आणि रेशमी कपड्यांना रिठे. फरशीचं ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. सॅनिटरी पॅड दोन महिन्यांचे ठेवा. टाळेबंदीत सुरुवातीचे काही दिवस ते आवश्यक वस्तूंमध्ये येतात की नाही याचाच घोळ होता, मार्चअखेरीस केंद्राने खुलासा केला. सुती कापडाचे पॅड वापरायचे तर साबणाने धुऊन कडक उन्हातच वाळवा. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांना तेव्हा टॉयलेट पेपरसाठी रांगा लावाव्या लागल्या. तांब्या असलेल्या घराला ती काळजी नाही.

९. साठवायला जागा किंवा पैसा नसेल तर

तीन आठवड्यांचा किराणा भरणं हे सगळ्यांना जमणारं नाही. पुण्याच्या पेठांमधल्या खोल्यांत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांची मार्च २०२० मध्ये मेस एका दिवसात बंद झाली आणि अनेकांकडे चहाच्या पातेल्यापलीकडे भांडं नव्हतं. अशा खोलीसाठी तीन लिटरचा कुकर, इंडक्शन शेगडी, ५ किलो तांदूळ, २ किलो मूगडाळ, शेंगदाणे, पोहे, गूळ, मीठ-हळद-तेल एवढं पुरतं. चार खोल्यांनी मिळून एकच चूल लावली तर खर्च आणखी उतरतो.

रेशन कार्ड असेल तर ते वापरा, पांढरपेशा संकोच बाजूला ठेवा. २०२० मध्ये अन्नसुरक्षा योजनेतल्या कार्डांवर एप्रिलपासून माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं. योजनेत नसलेल्या केशरी कार्डांनाही मे-जूनमध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिले. कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आणि आधार जोडलेले आहेत का, हे साथ नसतानाच तपासा. दुकानदार धान्य देत नसेल तर १९६७ वर फोन करा. शिवभोजन थाळीही तेव्हा १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणली होती.

घरकाम करणाऱ्या मावशी, वॉचमन, इस्त्रीवाले यांना मदत म्हणून किराणा द्यायचा असेल तर आपल्या पसंतीची पिशवी भरण्याआधी त्यांना विचारा. गहू दिले आणि त्यांच्या वस्तीतली गिरणी बंद असेल तर त्याचा उपयोग नाही. बहुतेक वेळा तेल, चहा-साखर, आणि त्या महिन्याचा पगार न कापता हातात, हे जास्त उपयोगी पडतं.

१०. दुकानं उघडली की

निर्बंध उठल्यावर लगेच नवा किराणा भरू नका, आधी साठा खाऊन संपवा. पावसाळा तोंडावर असेल तर घाई करा. हवा दमट झाली की रवा, बेसन आणि शेंगदाणे पहिले जातात, मग मैदा आणि पोहे. दूध भुकटीचं पाकीट फोडलेलं असेल तर ते आधी लावा, खीर किंवा बर्फीत पटकन संपतं. एरंडेल लावलेली डाळ आणि वाळवलेले गहू पावसाळा काढतील, पण पंधरा दिवसांनी डबा उघडून वास घ्या आणि तळापर्यंत हात घालून बघा. पीठ हाताला लागलं किंवा दाणे एकमेकांना चिकटून जाळी दिसली तर डबा त्याच दिवशी रिकामा करून धान्य चाळा, पाखडा आणि मिळेल त्या उन्हात घाला. रिकामा डबा गरम पाण्याने धुऊन खडखडीत कोरडा केल्याशिवाय त्यात पुन्हा काही भरू नका. झाकणाच्या कडेच्या खाचेत किड्यांची अंडी राहतात, तिथे जुन्या टूथब्रशने घासा.